तुम्ही विचारलंत म्हणून: रक्ताच्या टेस्टवर किती विसंबायचं?

मी चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी रक्ताचे सॅम्पल घेतो, आणि इकडे खाणी, वीज केंद्राची राख, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतेच, "भाऊ, ब्लड टेस्ट केली तर अंगात शिसं, पारा किती आहे ते पक्कं कळते ना?"

मशीन बहुतेक वेळा बरोबरच सांगते, पण ती तेवढ्याच रक्ताचं सांगते जे मी त्या दिवशी काढलं. शिसं रक्तात साधारण महिनाभरात निम्मं होते, आणि त्यातलं बरंच हाडात जाऊन बसते, वर्षानुवर्षं. म्हणून ज्यानं दहा वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडल्या आणि काम सोडून वर्ष झालं त्याचा रिपोर्ट बराच कमी येऊ शकतो, हाडातलं मात्र तसंच राहते. आर्सेनिकचं तर रक्तात काही तासच, त्यासाठी लघवी तपासा, आणि त्याआधी चार-पाच दिवस बाजारातली सुकट, समुद्राची मासळी खाऊ नका, नाहीतर त्यातलं निरुपद्रवी आर्सेनिकच आकडा फुगवते.

सॅम्पल घेण्यातही गडबड होते. मागं एका घरचा चार वर्षांचा पोरगा आणला होता, बाप अंगणातच बॅटऱ्या फोडायचा. बोटाला टोचून केलेल्या टेस्टमध्ये शिसं दर डेसीलिटर (१०० मिली) रक्तात १४ मायक्रोग्रॅम आलं आणि त्याची माय रडायला लागली. मी पोराचं बोट पाहिलं, नखात काळी माती, हात साबणानं धुतलेच नव्हते, म्हणजे बोटावरची धूळ रक्तात मिसळली असेल. मग हात धुवून, धातू नसलेल्या खास निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये शिरेतून घेतलं, ६ आलं. पण ६ म्हणजे ठीक आहे असं नाही हं, अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं, २०२१ मध्ये लहान पोरांसाठी लक्ष द्यायची रेषाच ३.५ वर आणली, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणतीच नाही.

आणि औषध पाजून मग लघवी तपासणारे जे येतात ना, त्यांच्यापासून लांब राहा, त्या औषधानं कोणाच्याही अंगातला धातू लघवीत वाढतोच, मग रिपोर्ट दाखवून महागडे कोर्स विकतात.

त्या पोराच्या बापाला मी बॅटऱ्यांचं काम घरापासून लांब न्यायला सांगितलं, कामाचे कपडे बाहेरच बदलायला सांगितलं, आणि तीन महिन्यांनी परत शिरेतूनच रक्त द्यायला बोलावलं. पुढच्या सोमवारी येणार आहेत.