डॉक्टरांसमोर गेलं की पुरळ गायब! बाळाच्या ॲलर्जी तपासणीचा माझा अनुभव

तारीख देताना कोणी एक वाक्य सांगितलं नाही म्हणून आमचे पाच आठवडे वाया गेले. अजून आठवलं की माझं डोकं तापतं, म्हणून ते वाक्य आधी लिहून टाकते. त्वचेवर टोचून करतात ती ॲलर्जीची टेस्ट असेल तर बाळाला चालू असलेलं खाजेचं सिरप काही दिवस आधी बंद करावं लागतं, किती दिवस ते तारीख घेतानाच विचारा.

मुलगा नऊ महिन्यांचा होता. पहिल्यांदा अंडं दिलं, दोन-तीन चमचेच, आणि वीसेक मिनिटांत पोटावर आणि पाठीवर गांधी उठल्या, डास चावल्यावर फुगतं तशा पण मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या, आणि तो कुरकुरत अंग घासायला लागला. माझी आई म्हणाली पित्त उठलंय. बरोबरच होतं, डॉक्टर त्यालाच अर्टिकेरिया म्हणतात. आम्ही उचलून दवाखान्यात नेलं, नंबर लागेपर्यंत दीड तास, आणि कपडे काढले तर अंग स्वच्छ! डॉक्टरांनी विचारलं कुठे आहे पुरळ, मी काय दाखवणार. घामोळं असेल म्हणाले.

गांध म्हणजे तशीच चीज आहे हे मला नंतर कळलं. एक गांध एका जागी सहसा २४ तासांपेक्षा जास्त राहत नाही, बऱ्याचदा तासाभरात विरते आणि दुसरीकडे नवीन उठते. घामोळं तसं पळत नाही, ते मानेच्या वळ्यात, काखेत, जिथे घाम साचतो तिथे बारीक दाण्यांसारखं येतं आणि तिथेच बसून राहतं. तेव्हा डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर थांबू नका, दिसलं की लगेच फोटो काढा आणि वेळ लिहा. एका गांधीभोवती पेनाने रेघ मारून अर्ध्या तासाने परत फोटो काढला तर ती सरकली की नाही हेही कळतं.

फोटोबद्दल अजून एक, हे मला फार उशिरा समजलं. सगळीकडे लिहिलेलं असतं लाल चट्टे, लाल पुरळ. आमचं बाळ सावळं आहे, त्याच्या अंगावर लाल असं काही दिसतच नाही, जरा गडद किंवा जांभळट वाटतं आणि फ्लॅश मारला तर तेही जातं. फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात बाजूने फोटो काढला की फुगवटा उठून दिसतो. आणि डोळ्यांपेक्षा हात खरा, तळवा फिरवला की कळतं.

दहा-बारा दिवसांनी त्याला सर्दी झाली आणि परत गांधी, या वेळी अंड्याचा कणही दिला नव्हता. आम्ही घाबरून वरचं दूध बंद केलं, त्याच्या खाण्यातलंही आणि माझ्या खाण्यातलंही, कारण तो माझं दूध पीत होता. गाल तर महिनाभर कोरडे, खरखरीत होतेच, तेही मी दुधाच्या खात्यात टाकलं. डॉक्टरांनी खाजेचं सिरप दिलं आणि ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मधे गांधी येत-जात होत्या, सिरप चालू होतं.

तो दिवस मी विसरणार नाही. पहाटे उठून आवरलं, बाळाची झोप मोडली, ऑफिसातून दोघांनी सुट्टी घेतलेली. दोन तास बसल्यावर आत बोलावलं, नर्सने पाठ पुसली आणि मग विचारलं, सिरप शेवटचं कधी दिलं? काल रात्री, म्हटलं. तिने हातातलं सगळं खाली ठेवलं. मग टेस्ट होणार नाही, म्हणाली. मी विचारलं असं आधी का नाही सांगितलं, तर तारीख देणाऱ्यांनी सांगायला हवं होतं. बाहेर गेले तर ते म्हणतात ते आतलं काम, आम्ही फक्त तारीख देतो. मी कार्ड दाखवलं, त्यावर तारीख, वेळ, जुने रिपोर्ट आणा, एवढंच. पुढची तारीख पाच आठवड्यांनी. लवकरची द्या म्हणून मी अर्धा तास उभी राहिले, बाळ कडेवर रडतंय, आणि काउंटरच्या मागून तेच उत्तर, जागा नाही. मी तिथेच रडले.

टेस्ट का होत नाही ते नर्सने नंतर बाजूला घेऊन नीट सांगितलं, त्याबद्दल तिचे आभार. त्वचेवर संशयित पदार्थाचा थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५-२० मिनिटांनी तिथे फुगलं का बघतात. ते फुगणं हिस्टामिनमुळे, म्हणजे ॲलर्जीत शरीरच सोडतं त्या रसायनामुळे असतं, आणि खाजेचं सिरप हिस्टामिनलाच अडवतं. म्हणजे ॲलर्जी असली तरी काहीच फुगणार नाही आणि आपण खूश होऊन घरी जाणार. सर्दी-खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्येही हेच औषध असतं (इतक्या लहान बाळाला ती तशीही डॉक्टरांना न विचारता द्यायची नसतात), त्यामुळे घरात असलेली प्रत्येक बाटली दाखवा. आम्हाला सात दिवस बंद ठेवायला सांगितलं. रक्ताच्या टेस्टवर सिरपचा परिणाम होत नाही, हेही तेव्हाच कळलं, पण ती करायची का हे डॉक्टर ठरवणार आणि डॉक्टर त्या दिवशी भेटले नाहीत.

ते पाच आठवडे मी रागातच वही लिहायला घेतली, काय खाल्लं, किती वाजता, अंगावर काय, कुठे, किती वेळ, सोबत ताप-सर्दी आहे का. नवऱ्याला वाटलं मी स्वतःला त्रास करून घेतेय. पण दोन आठवड्यांनी मीच पानं उलटून बघितली तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला एकच पुरळ समजत होते ती तीन वेगळी प्रकरणं आहेत. गाल आणि कपाळ रोज खरखरीत, गेलंच नाही असं, पण लंगोटाच्या जागी एकदम मऊ. तोंडाभोवतीची लाली जेवणानंतर आणि लाळ गळाली की, पुसून क्रीम लावलं की कमी. आणि गांधी, त्या अंड्याच्या दिवशी आणि मग सर्दीच्या आठवड्यात कधीही, खाण्याच्या वेळेशी काही मेळ नाही.

एक गोष्ट मधेच आठवली ती सांगते, ही सगळ्यात आधी यायला हवी होती. पुरळासोबत ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा बाळ एकदम मलूल पडलं तर फोटो, वही काही नको, सरळ इमर्जन्सी. तिथे लागतं ते ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, सिरप देऊन वाट बघायची नाही. आणि तापात बारीक जांभळे-लाल ठिपके आले तर पारदर्शक ग्लास त्यावर दाबा, दाबूनही ठिपके दिसतच राहिले तर तेही ताबडतोब हॉस्पिटल, ती ॲलर्जी नसते.

दुसऱ्या तारखेला टेस्ट झाली, पाठीवर, बाळ एक मिनिट रडलं आणि संपलं. अंडं फुगलं, दूध नाही. मला वाटलं झालं, पण डॉक्टर टेस्टपेक्षा जास्त वेळ माझी वही आणि फोटो बघत बसले, आणि खरं सांगते, त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला. त्यांनी सांगितलं की नुसती टेस्ट फुगली म्हणून ॲलर्जी ठरत नाही, खाल्ल्यावर काय झालं ते जुळावं लागतं. अंड्याचं जुळत होतं कारण खाण्याची अशी गांध काही मिनिटांत ते दोन तासांत येते. सर्दीतल्या गांधी व्हायरसच्या, लहान मुलांमध्ये गांधींचं हेच कारण जास्त असतं. गाल म्हणजे एक्झिमा, त्वचा कोरडी पडून खाजते तो आजार, त्याला दिवसातून दोनदा तरी साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि भडकला की लिहून दिलेलं मलम. म्हणजे दूध आम्ही उगाच बंद केलं होतं, दोन महिने!

मनाने पदार्थ बंद करू नका, हे मी आता भेटेल त्या प्रत्येक आईला सांगते. डॉक्टरांनी मला २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासाबद्दल सांगितलं, त्यात ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं होती आणि ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी टाळलेल्यांपेक्षा खूप कमी निघाली. दाणा अख्खा नाही हं, घशात अडकतो, आणि ज्यांना एक्झिमा जोरात आहे किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी आधी विचारूनच. आम्ही विचारूनच सुरू केला, मऊ पातळ करून, आणि काही झालं नाही.

अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची मोठेपणी जाते म्हणाले. वर्षभराने हॉस्पिटलमध्येच थोडं थोडं अंडं देऊन बघणार आहेत. त्याच्या आधीही सिरप बंद ठेवावं लागतं, हे मी या वेळी तारीख घेतानाच विचारलं आणि कार्डावर त्यांच्याकडूनच लिहून घेतलं.