२४ पिनांची चपटी केबल ब्रेडबोर्डला जोडताना माझ्या चार संध्याकाळी कशा गेल्या

चार संध्याकाळी गेल्या ह्यात, आणि त्यातल्या तीन फक्त पिनांच्या नंबरापायी. अजून आठवलं की चिडचिड होते म्हणून लिहून टाकतेय.

माझ्याकडे एक छोटा नुसता एलसीडी पॅनेल होता, मॉड्यूल (तयार बोर्डावर बसवलेला) नाही, त्यामुळे बाहेर फक्त चपटी शेपटी, २४ पिना, ०.५ मिमी पिच (दोन पिनांमधलं अंतर). ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचून सर्किट जुळवायच्या बोर्डाची, भोकं २.५४ मिमीवर, म्हणजे थेट काही जमणार नाही, मधे एफपीसी (अशी चपटी लवचिक केबल) ॲडाप्टर बोर्ड लागतोच. तो आणला, हेडर पिना लावल्या, झालं. (पिना आधी ब्रेडबोर्डात खोचून वर बोर्ड ठेवून सोल्डर केलं की सरळ बसतात, फक्त सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, खालचं प्लास्टिक मऊ पडतं.) कुणी म्हणेल ॲडाप्टर कशाला, वायरी थेट केबलच्या पट्ट्यांवरच सोल्डर करा. मी एका टाकाऊ केबलवर करून बघितलं, प्लास्टिक आक्रसलं आणि पट्ट्या सुटून आयर्नच्या टोकाला चिकटून आल्या.

आता खरी कटकट. पॅनेलची डेटाशीट (कुठली पिन कशाची हे सांगणारा कागद) बघून एकेक वायर लावली, ३.३ व्होल्ट दिले, स्क्रीन काळी. कोड बदलला, काळी. वायरी बदलल्या, काळी. शेवटी पॅनेलला बोट लावलं तर शेपटीजवळ कोमट लागलं, तेव्हा पोटात गोळाच आला आणि सप्लाय ओढून काढला. दुसऱ्या दिवशी वाटलं शेपटी उलटी गेली असेल, म्हणून पालथी करून घातली, तर आता काहीच नाही, कोमटसुद्धा नाही. नंतर कळलं की माझ्या ॲडाप्टरवरच्या कनेक्टरचे (शेपटी खोचायच्या खाचेचे) कॉन्टॅक्ट फक्त खालच्या बाजूला आहेत, म्हणजे सोनेरी पट्ट्या खालीच हव्यात, पालथी घातली की कॉन्टॅक्टला नुसती प्लास्टिकची पाठ लागते. म्हणजे आधी घातली होती तीच बरोबर. मग घोळ कुठे?

ॲडाप्टर विकणाऱ्याला विचारलं, उत्तर आलं ‘नंबर बरोबर आहेत’. आणि वैताग म्हणजे ते खरंच बरोबर होते! ॲडाप्टरवरचे १ ते २४ हे कनेक्टरचे नंबर, पॅनेलचे नाहीत. पॅनेलची १ नंबरची पट्टी कुठल्या टोकाला आहे ते पॅनेलवर ठरतं, आणि सोनेरी बाजू खाली केली की ती माझ्याकडे २४ च्या जागी येत होती. डेटाशीटमधलं चित्र समोरून काढलंय की मागून, हे लिहायला एक ओळ लागली असती, पण नाही लिहिलं.

हे शेवटी मल्टीमीटरने सापडलं. डेटाशीटप्रमाणे २ आणि ५ दोन्ही ग्राउंड, म्हणजे सप्लाय बंद ठेवून कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणारी सेटिंग) त्यांच्यात बीप यायला हवा. आला नाही. मग चिडून सगळ्या पिनांवर प्रोब फिरवत बसले, आणि बीप आला २० आणि २३ मध्ये. २५ मधून २ गेले २३, २५ मधून ५ गेले २०. म्हणजे सगळंच आरशातल्यासारखं उलटं. हे पाच मिनिटांचं काम मी सप्लाय द्यायच्या आधी का केलं नाही, कारण मला स्क्रीन चालू झालेली बघायची घाई होती, दुसरं काय.

उपाय एकदम साधा, नवीन काही आणावं लागलं नाही. कागदाच्या टेपवर उलटे नंबर लिहून ॲडाप्टरवर चिकटवले आणि वायरी त्याप्रमाणे हलवल्या.

अरे हो, कनेक्टरची ती काळी झडप नखाने हळूच उचलायची, केबल शेवटपर्यंत आत, मग दाबायची. ती नाजूक असते, वारंवार उघडझाप करू नका, माझ्या ह्या प्रयोगांत एका बाजूचा कान तुटलाच. आणि मधे केबल वाढवणार असाल तर दोन्ही टोकांना पट्ट्या एकाच बाजूला असलेली आणि विरुद्ध बाजूंना असलेली, अशा दोन्ही मिळतात, न बघता मागवलीत तर हाच खेळ पुन्हा.

ती करड्या रंगाची, एका कडेला लाल रेघ असलेली जाड रिबन केबल वेगळी, तिथे लाल म्हणजे १ नंबर, पण तिचा दोन ओळींचा हेडर ब्रेडबोर्डात सरळ खोचू नका, समोरासमोरच्या पिना एकाच पाच भोकांच्या पट्टीत जाऊन शॉर्ट होतात, मधली खाच ओलांडायला त्या ओळींतलं अंतर पुरत नाही.

पॅनेल वाचला, नशीब. चौथ्या संध्याकाळी स्क्रीनवर नुसता निळा रंग आला आणि मी एकटीच जोरात ओरडले. टेप अजून तशीच आहे ॲडाप्टरवर, २४ वर १ लिहिलेली.