उंबरठ्याच्या अर्ध्या इंचापायी: मागच्या अंगणात आईचं घर बांधतानाचा माझा अनुभव

बे एरियात आमच्या मागच्या अंगणात आईसाठी छोटं घर बांधून झालं, आई त्यात राहायलाही आली, तरी सिटीच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) बांधकाम परवानगीचा विषय निघाला की माझा आवाज अजूनही चढतो. ओळखीतल्या कितीतरी जणांचे आईवडील आता ग्रीन कार्डावर इकडे येताहेत आणि प्रत्येकाच्या घरी 'मागे एक एडीयू बांधून टाकू' ही चर्चा चालू आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एडीयू म्हणजे मुख्य घराच्याच प्लॉटवरचं दुसरं स्वतंत्र घर. वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर, वेगळी बाथरूम. कॅलिफोर्नियाने २०२० पासून यासाठी कायदे बरेच सैल केले. मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून ४ फूट सोडले की ८०० चौरस फुटांपर्यंतचं घर सिटीला सहसा नाकारता येत नाही. अर्ध्या मैलाच्या आत बस किंवा ट्रेन असेल तर वेगळं पार्किंग मागता येत नाही. ७५० चौरस फुटांच्या आत राहिलात तर इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामावर सिटी लावते ते शुल्क) लागत नाही, म्हणून आमचं घर मुद्दाम त्याच्या आत बसवलं. कर्ज, कॉन्ट्रॅक्टर, झाडं तोडणं, हे सगळं नेहमीसारखंच झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. ती वॉकर घेऊन चालते आणि पुढेमागे व्हीलचेअर लागेल हे आम्ही दोघी जाणून आहोत. पहिलं ड्रॉइंग दाखवलं तेव्हा तिने एकच अट घातली, "हे बघ, मला दवाखान्यात राहायचं नाहीये." स्टीलचे चकाकते दांडे, पांढऱ्या टाइल्स, दाराशी रेलिंगवाला रॅम्प यातलं काहीही तिला नको होतं. तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. वयस्कर माणसाच्या घरात शिरताना आधी त्याचं दुखणं दिसू नये, घर दिसावं.

म्हणून आम्ही ठरवलं की दाराला पायरी नाही आणि रॅम्पही नाही. वाट जमिनीवरूनच हळूहळू चढत यावी आणि आतली फरशी नि बाहेरचा ओटा एका पातळीत असावा. उंबरठा फार तर अर्धा इंच, तोही कडेला तिरपा केलेला. घराचा स्लॅब, म्हणजे फरशीखालचा काँक्रीटचा थर, अंगणापासून ६ इंच वर होता. १:२० चा उतार धरला तर ६ इंच चढायला १० फुटांची वाट पुरते. एवढ्या कमी उताराला अपंगांच्या सोयीच्या मोजमापात रॅम्प म्हणतच नाहीत, त्यामुळे कठडेही लागत नाहीत. दोन्ही बाजूंना वाफे केले, त्यात लॅव्हेंडर आणि गवती चहा लावला. येणाऱ्याला ती बागेतली पायवाटच वाटते.

कागदावर हे इतकं साधं होतं. आणि याच दारापाशी आमचं सगळं काम अडकलं.

इथे लाकडी फ्रेमची घरं असतात. लाकूड आणि प्लास्टर ओल्या मातीपासून दूर राहावं म्हणून नियम आहे: प्लास्टरची खालची कड मातीपासून किमान ४ इंच आणि फरसबंदीपासून किमान २ इंच वर हवी. हेतू चांगला आहे, नाहीतर भिंत कुजते. पण सगळ्यांकडे तयार असलेलं नेहमीचं ड्रॉइंग म्हणूनच दाराला पायरी दाखवतं. खाजगी घराला एडीए हा अपंगांच्या सोयींचा अमेरिकन कायदा लागू होत नाही, म्हणजे समतल दार करायची सक्ती कोणावरच नाही. सिटीच्या परवानगी काउंटरवरच्या माणसाने पहिल्याच फेरीत सुचवलं की पायरीचं ड्रॉइंग लावा, लगेच पास होईल, मग फायनल इन्स्पेक्शन झाल्यावर लाकडी रॅम्प टाका. अत्यंत सौजन्याने बोलला तो. पण ज्या एका गोष्टीसाठी हे घर बांधत होतो तीच सोडून द्या, असं तो सांगत होता.

आम्ही नाही म्हटलं. आमच्या आर्किटेक्टने दारापाशीचा तपशील नव्याने काढला. दाराच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची बुटकी भिंत वर आणली, म्हणजे ओट्याला टेकणाऱ्या भागात लाकूड किंवा प्लास्टर नाहीच. दारासमोर जाळीची अरुंद पन्हाळ दिली. वर ५ फूट पुढे आलेलं छप्पर, म्हणजे पाऊस दारापर्यंत पोचतच नाही. हे ड्रॉइंग गेलं आणि परत आलं. आता शेरा होता की पन्हाळीचं पाणी कुठे जाणार? पावसाचं पाणी ड्रेनेजच्या लाइनला जोडायला बंदी आहे हे बरोबर, पण हे पहिल्याच फेरीत विचारता आलं असतं. खडी भरलेला शोषखड्डा दाखवून पुन्हा पाठवलं.

मग फाइल दुसऱ्याच माणसाकडे गेली आणि ओट्याचा उतार निघाला. ग्रेडिंग, म्हणजे जमिनीचे उतार, बघणाऱ्याचं म्हणणं, भिंतीलगतची फरसबंदी घरापासून बाहेर निदान २ टक्के उतरली पाहिजे. बिल्डिंग बघणाऱ्याचं म्हणणं, दारासमोरचा ओटा फुटाला पाव इंचाहून जास्त उतरता नको. पाव इंच म्हणजे २.०८ टक्के. एक म्हणतो याहून कमी नको, दुसरा म्हणतो याहून जास्त नको, आणि दोघांच्या मधे जागा टक्क्याच्या आठ शतांशांची! दोन्ही नियम खरे आहेत आणि फुटाला बरोबर पाव इंच उतार दिला की दोन्ही पाळले जातात. पण ते दोघं एकाच इमारतीत बसत असूनही एकमेकांशी बोलत नव्हते. एकाचा शेरा मिटवला की दुसऱ्याचा उघडायचा. पोर्टलवर महिनोन् महिने 'करेक्शन्स रिक्वायर्ड' एवढंच दिसायचं. फोन केला की व्हॉइसमेल, ईमेल केली की आपोआप आलेलं उत्तर. तिकडे सांगलीत आई बॅग भरून बसलेली, दर रविवारी विचारायची, "काय गं, झालं का पास?" या कामात माझा सगळ्यात जास्त जीव कशाने गेला असेल तर तिला तेच ते उत्तर देण्याने.

कायद्याने पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमच्या सिटीने मात्र दर फेरीला नव्याने मोजायला सुरुवात केली. शेवटी ज्याने काम हललं ते नीट वाचा. १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात नियम आहे की अर्ज नाकारायचा तर सगळ्या त्रुटींची पूर्ण यादी आणि त्या कशा दूर करायच्या हे लेखी द्यावं लागतं. राज्याच्या एचसीडी या गृहनिर्माण खात्याची एडीयू हँडबुक फुकट मिळते, आणि एखादी सिटी कायदा पाळत नसेल तर त्या खात्याकडे तक्रारही करता येते. मी त्या तरतुदीचा उल्लेख करून एक पानाचं पत्र लिहिलं. दोन्ही परीक्षकांची नावं एकाच ईमेलवर घातली, दोघांचे शेरे शेजारी शेजारी मांडले आणि खाली फुटाला पाव इंचाचं गणित दिलं. भाषा नम्र ठेवली, पण शेवटी एचसीडीला प्रत पाठवायचा विचार असल्याचं स्पष्ट लिहिलं. त्यानंतर एकत्र बैठकीची वेळ मिळाली. बैठक जेमतेम अर्धा तास चालली आणि ड्रॉइंग आहे तसं पास झालं! मला त्या पत्राचा आजही अभिमान आहे. फोनवर कितीही बोललात तरी त्याची नोंद राहत नाही, लेखीच द्या.

हो, विजेचं राहिलंच. मीटरचा अर्ज ड्रॉइंग मंजूर व्हायची वाट न बघता आधीच करून ठेवा. वीज कंपनीची रांग सिटीच्या रांगेपेक्षा वेगळी आणि कधीकधी त्याहून लांब असते.

आता आतलं. दरवाजे सगळे ३६ इंची, आणि बाथरूमला भिंतीत सरकणारं पॉकेट डोअर, म्हणजे वॉकरला दाराचं पान आडवं येत नाही. बाथरूममधे व्हीलचेअर वळायला ५ फुटांचं वर्तुळ मोकळं ठेवलं. शॉवरच्या कडेला ओलांडायचा उंचवटा नाही. तिथला स्लॅब ओततानाच खाली घेतला आणि फुटाला पाव इंच उतार भिंतीकडच्या लांबट जाळीपर्यंत दिला. तळाला दोन इंची मोझॅक लावलं. सांधे जास्त आले की पायाला पकड मिळते, आणि दिसतंही मोठ्या चकचकीत टाइलपेक्षा छान. फरशी आणि भिंत वेगवेगळ्या रंगांच्या घ्या, उतारवयात कड ओळखायला मदत होते. पण फरशीत मधेच काळी पट्टी घेऊ नका, कमजोर नजरेला ती खड्ड्यासारखी भासते.

धरायचे दांडे मॅट काळ्या रंगाचे घेतले, नळ आणि टॉवेलच्या दांड्यांशी जुळणारे. शॉवरमधला एक दांडा शेल्फसकट मिळतो, त्यावर आईची साबणदाणी असते. येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणाच्याही तो आधाराचा दांडा आहे हे लक्षात येत नाही.

दाराशेजारी १८ इंच उंचीचा बाक भिंतीला धरून बांधला. चप्पल घालायला, भाजीची पिशवी टेकवायला, शेजारच्या मेक्सिकन आजीशी गप्पा मारायला तोच उपयोगी पडतो. दोघींची भाषा वेगळी, पण संध्याकाळी दोघी तिथेच. देवघर बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर आहे. ओट्यावर रांगोळीला जागा सोडलीय, आणि पाव इंच उतारावरही रांगोळी व्यवस्थित निघते हे आईने पहिल्याच दिवाळीत दाखवून दिलं.

दांडे आत्ता लावायचे नसले तरी भिंतीच्या आत लाकडी आधार बसवून घ्या. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात नव्या घरांच्या बाथरूममधे तो सक्तीचाच आहे, पण कॉन्ट्रॅक्टर नियमापुरताच टाकतो. आम्ही पलंगाच्या बाजूला आणि मुख्य दाराशीही टाकून घेतला. शीटरॉक (भिंतीवरचे जिप्समचे बोर्ड) लागायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा, त्यात जमिनीपासूनची उंची वाचता आली पाहिजे, आणि ते फोटो घराच्या कागदपत्रांच्याच फोल्डरमधे ठेवा.