आमची वाटचाल : लाल वही आणि मारा ग्रुपची बावीस नावं

डोंबिवली पूर्वेला, झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल भाड्यानं घेऊन 2007 साली मी सफारीच्या बुकिंगचं काम सुरू केलं. टेबल, फोन आणि लाल कापडी पाठीची जाडजूड वही, एवढंच भांडवल. आज पाचवी वही चालू आहे, पण रकाने तेच आहेत. ओळखपत्रावर आहे तसंच नाव, वय, ओळखपत्राचा नंबर, जिप्सीत डावी बाजू की उजवी, कॅमेरा केवढा, आणि शेवटचा रकाना गुडघ्यांचा. सॉफ्टवेअर दोनदा घेतलं, दोन्ही चांगली होती, पण गुडघ्यांचा रकाना एकातही नव्हता. उघड्या जिप्सीत चढताना पासष्टीच्या माणसाचं काय होतं, ते गेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

या रकान्याची सुरुवात आमच्या बाईंपासून झाली. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या पहिल्याच ताडोबा टूरला आलेल्या. मोहर्ली गेटवर त्यांना जिप्सीत चढता येईना. आमचे तिथले जिप्सीवाले भाऊ काही न बोलता घरी गेले आणि जेवणाचा पाट घेऊन आले. पुढच्या खेपेला त्यांनी गावातल्या सुताराकडून दोन पायऱ्यांची सागवानी घडवंची करून घेतली, खाली रबर ठोकलेली. ती घडवंची तेव्हापासून आमच्या प्रत्येक टूरला असते. बाई मात्र तिला अजून ‘माझा पाट’ म्हणतात.

2008 ते 2019 बद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ताडोबा, पेंच, कान्हा चालू होतं, 2014 पासून वर्षाला एक टूर केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची. स्वतःचा गाळा झाला, दोन मुली कामाला आल्या.

मग मार्च 2020. व्याघ्र प्रकल्प महिन्याच्या मध्यातच बंद झाले, 22 तारखेला जनता कर्फ्यू, 25 पासून सगळा देश बंद. केनियानंही त्याच दिवसांत आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. तरी महिनाभरात उघडेल असं मी धरून चाललो होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोरोना झाल्याची बातमी आली, आणि त्या रात्री मी वही उघडून बसलो. माणसाकडून वाघाला लागण होऊ शकते म्हटल्यावर जंगल कोण उघडणार?

एप्रिल-मे हा आमचा मोसम. पाणवठे आटतात, वाघ पाण्यावर येतो, अख्ख्या वर्षाचा गल्ला या दोन महिन्यांत जमतो. ताडोबाच्या नऊ पार्ट्या मिळून 41 माणसं आणि ऑगस्टच्या मारा ग्रुपची 22, एवढी नावं वहीत होती. एकूण 31 लाख लोकांकडून आले होते. त्यातले माझ्या खात्यात जेमतेम चार. बाकी विमान कंपनीकडे, रिसॉर्टांकडे आणि नैरोबीच्या डीएमसीकडे, म्हणजे तिथली सगळी व्यवस्था बघणाऱ्या कंपनीकडे, डिपॉझिट म्हणून गेलेले. धंद्यातल्या माणसाला हे सांगायला नको. पण ग्राहकाच्या हातात पावती आमची असते, म्हणून त्याच्या लेखी पैसे आमच्याच कपाटात असतात.

आमच्याच रस्त्यावर आमच्यापेक्षा मोठी एक एजन्सी आहे. नाव घेत नाही. एप्रिलच्या अखेरीस त्यांच्याकडून माझ्या मारा ग्रुपमधल्या सहा जणांना फोन गेले. “त्यांचं ऑफिस आता उघडत नाही, तुमचे पैसे बुडाल्यात जमा आहेत, आमच्याकडे या, पुढच्या टूरमध्ये सवलत देतो.” नंबर कुठून मिळाले ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे चार वर्षं काम शिकलेला मुलगा 2019 च्या दिवाळीत तिकडे गेला होता. वहीतली पानं त्यानंच भरलेली. या धंद्यात माणसं येतात-जातात, त्याचं काही नाही. पण लोक घरात कोंडलेले, घाबरलेले असताना असे फोन करायचे? सहापैकी एकानं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझं नाव घालून ‘फसवणूक’ असा शब्द लिहिला. तो माझ्या मुलीनं वाचला. ती तेव्हा दहावीत होती. त्या गृहस्थांचे पैसे पुढे पै न पै परत गेले, पण तो शब्द त्यांनी कधी मागे घेतला नाही. हे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. त्रेसष्ट माणसं, कुटुंबागणिक एक कागद. विमानाचे इतके, सध्या कंपनीकडे. रिसॉर्टचे इतके, तारीख बदलून मिळेल. नैरोबीत इतके, 2022 पर्यंत वापरता येतील. आमचे इतके, हे आज मागा, आज देतो. खाली सही-शिक्का. फोटो काढून पाठवले आणि मग एकेकाला फोन केला. पाच दिवस लागले. चार लाखांतले पावणेतीन त्या आठवड्यातच गेले.

मोहर्लीच्या भाऊंना मी एप्रिलच्या जिप्स्यांचे अठरा हजार आगाऊ दिले होते. त्यांच्या डोक्यावर गाडीचं कर्ज, गेट बंद. त्यांचा फोन आला, “दादा, खाते नंबर सांगा. तुमचे पैसे ठेवून मले झोप नाही येत.” मी घेतले नाहीत. गेट उघडल्यावर फेऱ्यांत फेडा म्हटलं. आणि एका रिसॉर्टचा मॅनेजर, ज्याला मी अकरा वर्षं पार्ट्या दिल्या, तो जूनपर्यंत फोन उचलत नव्हता.

घर चालवायला आम्ही देवगडच्या आंब्याच्या पेट्या विकल्या. कोकणात माल पडून होता, माझ्याकडे तेरा वर्षांत जमलेल्या ग्राहकांचे पत्ते होते. दोन्ही मुलींचा अर्धा पगार त्यातून निघाला. बाईंनी सहा पेट्या घेतल्या. एकट्या राहणाऱ्या बाई सहा पेट्यांचं काय करणार, हे मी विचारलं नाही.

1 ऑक्टोबर 2020 हा गुरुवार मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, उघडला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा विमान तिकिटांच्या परताव्याचा निकाल आला. आणि त्याच दिवसापासून परदेशी टूर पॅकेजवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आम्ही ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा कर, लागू झाला. परदेशी टूर एकही निघत नव्हती, पण कर सुरू! निकालानं मात्र आम्हाला तारलं. आमच्या ताडोबावाल्यांची नागपूरची विमान तिकिटं लॉकडाऊनच्या आधी काढलेली, प्रवास एप्रिल-मेचा. निकाल असा: कंपनीला लगेच पैसे देता येत नसतील तर 31 मार्च 2021 पर्यंत क्रेडिट शेल, म्हणजे ती रक्कम पुढच्या तिकिटासाठी जमा, त्यावर जूनअखेरपर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढ, तोवर वापरलं नाही तर रोख परत. एजंटनं काढलेलं तिकीट असेल तर परतावा एजंटमार्फतच. हे शेवटचं वाक्य छापून मी ऑफिसच्या काचेवर लावलं, कारण सहा महिने लोक म्हणत होते की एजंटला मध्ये घेतलं म्हणून पैसे अडकले.

जंगल उघडलं तेव्हा जिप्सीत सहाऐवजी चारच माणसं. भाडं तेच, म्हणजे माणशी खर्च दीडपट. आणि पासष्टच्या वरच्यांनी, दहाच्या आतल्यांनी घरीच राहायचं. बाई सदुसष्टच्या. रद्द करायचं का विचारलं तर म्हणाल्या, “नाव खोडू नकोस. पैसे राहू देत तुझ्याकडे.”

पुढचा एप्रिल पहिल्यापेक्षा वाईट गेला. 2021 ची ती लाट आमच्या वहीतून गेली. मारा ग्रुपच्या बावीस नावांपैकी तीन मला कमी करावी लागली. तिघांच्याही घरी मी स्वतः चेक घेऊन गेलो, पूर्ण रकमेचा, नैरोबीचं डिपॉझिट सुटलेलं नव्हतं तरी. एका घरी मुलानं दार उघडलं. वडिलांनी टूरसाठी घेतलेली दुर्बीण टीव्हीशेजारी खोक्यातच होती, सील न तोडलेली.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना आणि टूर बुक करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगतो. बुक करताना एजंटला विचारा, माझे पैसे आजपासून कोणाकोणाकडे असतील? ते कागदावर घ्या. जो चिडेल त्याच्याकडून घेऊ नका. तारीख बदलण्याची अट आणि पैसे परतीची अट वेगळी असते, दोन्ही वाचा. पूर्व आफ्रिकेला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, तिचं पिवळं कार्ड परतताना आपल्याच विमानतळावर लागतं. एका सफारीवर वाघ मागू नका, निदान चार फेऱ्या ठेवा. आणि ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे अजूनही सांगावं लागतं.

2022 च्या जुलैअखेरीस मारा ग्रुप निघाला. 9 ऑगस्टला केनियात निवडणूक होती, म्हणून तारखा अलीकडे घेतल्या. एकोणीस माणसं. मुंबई विमानतळावर घडवंची चेक-इनला दिली तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, हे काय आहे? बाई म्हणाल्या, “माझा पाट.” त्या तेव्हा एकोणसत्तरच्या होत्या. मारा नदीच्या काठावर लँड क्रूझरमध्ये आम्ही अडीच तास थांबलो. विल्डबीस्ट, म्हणजे हरणांच्या कुळातली तिथली मोठी जनावरं, नदी ओलांडायला काठापर्यंत येऊन दोनदा मागे फिरले, तिसऱ्यांदा उतरले. धूळ आमच्या दातांत येत होती. बाईंनी कॅमेरा काढलाच नाही.

येत्या मे महिन्यात त्यांना पुन्हा मोहर्लीला जायचंय. वहीत लिहून ठेवलंय: सकाळची फेरी, डावी बाजू, भाऊंची जिप्सी, पाट.