शिकागोतले तीन दिवस आणि आईचं तिकीट

आई पहिल्यांदा आमच्याकडे इंडियानापोलिसला आली, तेव्हा घरात शिरल्या शिरल्या मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. पडलेला खळगा बराच वेळ भरून आला नाही. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि मुंबईपासून सगळा प्रवास मधल्या सीटवर. "आता तूच येत जा गं तिकडे," एवढंच म्हणाली. पुढच्या खेपेला तिला आडवं होऊन येता आलं पाहिजे, हे मी त्याच रात्री ठरवलं. बिझनेस क्लासचं तिकीट रोखीनं काढणं मात्र आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

म्हणून क्रेडिट कार्डांचे पॉइंट जमवायला लागले. एक लाखाच्या आसपास जमले. एका विमान कंपनीच्या वेबसाइटवर मला हवी ती सीट दिसली, मी उत्साहात बँकेतले ८० हजार पॉइंट तिकडे वळवले, आणि बुक करायला गेले तर "ही सीट उपलब्ध नाही". फोनवर पाऊण तास गेला. सीट मुळात नव्हतीच, स्क्रीनवर नुसती दिसत होती. बँकेकडून विमान कंपनीकडे एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. वर्षभराची जमवाजमव नको त्या खात्यात अडकली. मी रडले त्या दिवशी.

शिकागो सेमिनार्सला जायचं ठरलं ते यानंतर. सतत विमानप्रवास करणाऱ्यांचा आणि पॉइंट-माइल्सचा (माइल म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट) नाद असलेल्यांचा हा शनिवार-रविवारला जोडून भरणारा मेळावा. माझ्या घरापासून तीन-साडेतीन तासांची ड्राइव्ह. नवरा म्हणाला, "मुलांचं मी बघतो, तू जा." शुक्रवारी दुपारी निघाले.

हॉलमध्ये सूटबूटवाले दिसतील असं वाटलं होतं. दिसले ते निवृत्त शिक्षक, नर्सा, तान्ह्या बाळाला घेऊन आलेलं एक जोडपं, आणि आपल्याकडची बरीच माणसं. एक तेलुगू गृहस्थ तर माझ्यासारखेच आईवडिलांच्या तिकिटासाठी आले होते.

शनिवारी सकाळी नवख्यांसाठीचं सत्र होतं. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी आपली माइल्सची योजना सुरू केली, तेव्हा जितकं अंतर उडाल तितके माइल मिळत. आता इथल्या मोठ्या कंपन्या तिकिटाच्या किमतीवर माइल देतात. म्हणजे माझ्यासारखीनं वर्षातून एकदा स्वस्त तिकिटावर भारतात जाऊन यायचं, तर हाती फारसं काही लागत नाही. खरे पॉइंट येतात ते नव्या कार्डाच्या सुरुवातीच्या बोनसमधून. त्यालाही शिस्त लागते. चेस बँकेचा 'पाच-चोवीस' हा अलिखित नियम तिथे सगळ्यांना तोंडपाठ होता: २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच नवी कार्डं घेतली असतील, तर चेसचं नवं कार्ड सहसा मिळत नाही. मी कार्डं कुठल्याही क्रमानं घेत सुटले होते.

जुन्या गोष्टीही निघाल्या. १९९९ मध्ये डेव्हिड फिलिप्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरनं पुडिंगचे १२,१५० कप सुमारे ३,१४० डॉलरला घेतले आणि वेष्टनांवरच्या योजनेतून बारा लाखांहून जास्त माइल मिळवले. पुडिंग त्यानं दान केलं, आणि वेष्टनं सोलायला त्याच संस्थेचे स्वयंसेवक मदतीला आले. दुसरी गोष्ट सरकारी टांकसाळीची. एक डॉलरची नाणी कार्डावर छापील किमतीला घरपोच मिळत. लोक हजारोंनी मागवत, तशीच बँकेत नेऊन भरत, आणि कार्डाचे पॉइंट ठेवून घेत. २०११ मध्ये टांकसाळीनं कार्डावरची ही विक्री बंद केली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला मात्र हा मार्ग पटत नाही. नाणी चलनात यावीत म्हणून ती योजना होती, पॉइंटांसाठी नव्हे.

मला जास्त मोलाची वाटली ती २०१४ च्या निकालाची माहिती. एका विमान कंपनीनं एका प्रवाशाचं सदस्यत्वच काढून घेतलं होतं. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथे तो एकमतानं हरला. योजनेच्या नियमांत कंपनीला तसा अधिकार होता, आणि केंद्रीय कायद्यापुढे त्याचा दावा टिकला नाही. पॉइंट म्हणजे आपली बँकेतली ठेव नव्हे. कंपनी उद्या सीटचा भाव वाढवू शकते, नियम बदलू शकते. म्हणून साठवून ठेवू नयेत, लागतील तेवढे जमवावेत आणि वापरून टाकावेत. आणखी एक गोष्ट जवळपास प्रत्येक वक्त्यानं सांगितली, आणि ती मीही सगळ्यांना सांगत असते: दर महिन्याचं बिल पूर्ण भरता येत नसेल, तर या वाटेला जाऊच नका. कार्डाचं व्याज सगळे पॉइंट गिळून वर उरतं.

पण माझं काम झालं ते रविवारी सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर. आयोवाच्या एका निवृत्त ग्रंथपाल बाई शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना आईचं सांगितलं, त्या ८० हजारांचंही. त्यांनी प्लेट बाजूला सारली आणि माझा लॅपटॉप पुढे ओढला. म्हणाल्या, "मुंबई-शिकागो असं एकदम शोधू नकोस. आधी समुद्रावरचा टप्पा शोध, तीच सीट मिळायला अवघड. मिळाली की मागचा टप्पा जोड." मग युनायटेड एअरलाइन्सच्या साइटवर एक सेटिंग चालू करून त्यांनी मला अक्षरं दाखवली. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या कंपन्या एकमेकींच्या प्रवाशांना पॉइंटांवर सीट देतात, त्यात इकॉनॉमीचं अक्षर 'एक्स', बिझनेसचं 'आय'. अक्षरापुढचा आकडा म्हणजे शिल्लक सीट. आम्ही एकेक तारीख बघत गेलो. शून्य, शून्य, शून्य. टर्किश एअरलाइन्सच्या इस्तंबूल-शिकागो विमानावर एका मंगळवारी 'आय'पुढे दोन दिसले. त्याच दिवशीच्या मुंबई-इस्तंबूलवर एक.

मी लगेच पॉइंट वळवायला निघाले. त्यांनी माझा हात धरला. "आधी दुसरीकडे बघ." तीच सीट एअर कॅनडाच्या एरोप्लॅन योजनेत दिसते का, ते पाहिलं. दिसली. दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसली, तर ती बहुधा खरी. तरी त्यांनी मला एरोप्लॅनला फोन करायला लावलं, आणि पलीकडच्या माणसानं दोन्ही टप्पे आहेत असं सांगितल्यावरच मी बँकेचं पान उघडलं. एरोप्लॅन भागीदार कंपन्यांच्या तिकिटावर इंधन अधिभार लावत नाही, त्यामुळे रोख भरायचे ते फक्त कर आणि थोडं शुल्क. त्या वेळच्या तक्त्याप्रमाणे एक लाख पॉइंट लागले. माझ्याकडे नव्यानं जमवलेले एक लाख चार हजार होते.

नाव टाकताना पुन्हा थांबले. आईच्या पासपोर्टात तिच्या नावाला जोडूनच बाबांचं नाव आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात. मागच्या खेपेला तिकिटावर फक्त तिचं नाव आणि आडनाव होतं, तेव्हा चेक-इनला तिला बाजूला उभं केलं होतं. या वेळी पासपोर्टाचा फोटो समोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवलं. तिकीट नंबर आला तेव्हा त्या बाईंनी माझ्याआधी "झालं!" म्हणून हात वर केले.

व्हीलचेअरचं काम घरी येऊन केलं. हे खूप जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणून भागत नाही, तिचे प्रकार आहेत. विमानाच्या पायऱ्या चढता येत असतील तर डब्ल्यूसीएचआर, पायऱ्या जमत नसतील पण विमानात सीटपर्यंत चालता येत असेल तर डब्ल्यूसीएचएस, सीटपर्यंतही न्यावं लागत असेल तर डब्ल्यूसीएचसी. आईला मधला. पहिला लिहिला गेला असता, आणि इस्तंबूलला विमान दूर उभं करून बसनं नेलं असतं, तर तिला जिना उतरावा लागला असता. मी टर्किशला फोन करून दोन्ही टप्प्यांवर तो कोड लावून घेतला आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा खात्री केली.

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर टर्मिनल पाचला ती व्हीलचेअरवरून बाहेर आली, मांडीवर डिंकाच्या लाडवांची पिशवी. सीट सपाट कशी करायची ते तिला कळलं नव्हतं, तशीच बसून राहिली होती. मग हवाई सुंदरीनं बटण दाबून दाखवलं, वर गादी घातली. "सहा तास झोपले गं," ती म्हणाली, "आणि त्यांनी जेवायला उठवलंही नाही." घरी आल्यावर मी अंगठा दाबला नाही. मोज्याची खूण होती घोट्यावर, बाकी पाय पायासारखा होता.

परतीची सीट अजून मिळालेली नाही. एप्रिलच्या तारखा मी रोज रात्री बघते, आधी शिकागो-इस्तंबूल. काल एकावर 'आय'पुढे एक दिसलं, पण इस्तंबूल-मुंबईवर शून्य होतं. पॉइंट बँकेतच आहेत.