तक्रार समितीपुढे आल्यावर: माझा अनुभव

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मनुष्यबळ विभाग माझ्याकडे आला तेव्हा कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी, कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत समिती होती ती नोटीस बोर्डापुरतीच. तीन वर्षांची मुदत उलटून गेलेली, बाहेरच्या सदस्याची जागा रिकामी. अशा समितीने चौकशी केली तरी ती टिकत नाही, म्हणून आधी नवा आदेश काढला. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी बायका नकोत, एक सदस्य संस्थेबाहेरचा. दहा माणसं असली की समिती हवीच, आणि ती मोजताना ठेकेदाराची माणसं आणि शिकाऊ मुलंही धरावी लागतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं.

मग तक्रार आली, तीही व्हॉट्सअॅपवर. ती लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांत. समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. लिहून काढायला तक्रारदार बाईला मदत करणं समितीचंच काम. प्रती सहा. त्यातली एक सात कामकाजाच्या दिवसांत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, त्याचं उत्तर पुढच्या दहा कामकाजाच्या दिवसांत. प्रत देताना पोच सही घेतलीच पाहिजे, नाहीतर पुढे "मला कागदच मिळाला नाही" सुरू होतं.

सुपरवायझर तिचीच शिफ्ट बदलायला निघाला होता, तो थांबवला. बदली कुणाची, रजा किती (तीन महिन्यांपर्यंत), हे तिच्या लेखी अर्जावर समिती सुचवते. समेटही तिने मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच.

सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य लागतात, वकील चालत नाही. चौकशीची नव्वद दिवसांची मुदत बघून आम्ही धावणारच होतो, पण गोवा विद्यापीठाचं प्रकरण डोळ्यांपुढे होतं: १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने घाईने उरकलेल्या चौकशीवरची बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. म्हणून साक्षीदारांचे जबाब दोघांनाही दिले, उलटतपासणीचे प्रश्न लेखी घेऊन समितीनेच विचारले, आणि वाढवून दिलेली प्रत्येक तारीख कारणासकट वहीत लिहिली.

अहवाल चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत, त्यावर मालकाची कारवाई साठ दिवसांत. नावं बाहेर फुटली तर पाच हजार दंड, समितीच नसेल तर पन्नास हजारांपर्यंत. जानेवारीत जिल्हा अधिकाऱ्याकडे वार्षिक अहवाल गेला, त्यात तक्रारींचे आकडे होते, नावं नव्हती.