बेथलेहेमच्या आया

२१ डिसेंबर, रविवार, रात्री

नाताळच्या नाटकातून आयांचा प्रवेश काढला. कमिटीत ठरलं, आणि आज उपासना सुटल्यावर शालूमावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मायेनंच सांगितलं. "अगं, सणाचा दिवस. लोक लेकरंबाळं घेऊन येतात, शेजारपाजारचे बोलावलेले असतात. तिथं रडारड कशाला? हेरोद राजा असू दे, दरबार असू दे. मागी लोकांनी सोनं, ऊद, गंधरस ठेवला की सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं, झालं." मी बरं म्हटलं. एस्तेरनं तो प्रवेश पाठ केला होता, तिला मेंढपाळांत घेतलं. हातात काठी आणि डोक्याला मुंडासं मिळाल्यावर तिची काही तक्रार नाही.

तक्रार माझीच आहे. दुपारी मळलेलं शंकरपाळ्यांचं पीठ तसंच झाकून पडलंय, लाटायला बसवत नाही. सुहास विचारून गेला. त्याला काय सांगणार?

प्रवेश होता एवढासा. तीन बाया पहाटे विहिरीवर येतात. कुणी कुणाशी बोलत नाही. एकीच्या खांद्यावर अजून झोळी आहे. शिपाई नाहीत, तलवार नाही. शेवटी त्यातली एक म्हणते, मरीयेच्या घराला रात्रीपासून कडी आहे. संपला प्रवेश. मी लिहिला म्हणूनच काढला असणार, असं सारखं मनात येतंय. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर कदाचित राहिला असता. माझ्या तोंडून तसलं काही आलं की लोकांना सगळं आठवतं. अजूनही माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात, नाताळात जास्तच. यंदा तो नववीत असता.

जाऊ दे, ते नाही लिहायचं.

लिहायचंय ते हे, की त्या बायांना वगळून नाताळ कसा करायचा ते मला कळत नाही. नाटकात आपण लूकच्या शुभवर्तमानातून मेंढपाळ घेतो, मत्तयाच्या शुभवर्तमानातून मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, घेतो आणि दोघांनाही एकाच रात्री गोठ्यात आणून उभं करतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, लेकरांना सगळे एकदम दिसायला हवे असतात. पण मत्तय काही त्या भेटवस्तूंपाशी थांबलेला नाही. मागी लोक यरुशलेमात शिरले आणि यहूद्यांचा राजा कुठे जन्मलाय म्हणून विचारत सुटले. ते हेरोदाच्या कानावर गेलं आणि पुढचं सगळं तिथून घडलं. बेथलेहेमातले आणि आसपासचे, दोन वर्षांचे आणि त्याहून लहान, सगळे मुलगे त्यानं मारवले. आपण दारात चांदणी लावतो ना, त्या ताऱ्यामागोमाग हेही आलं.

किती असतील? जुन्या बायझंटाइन परंपरेत १४ हजार सांगतात. बेथलेहेम तेव्हा लहानसं खेडं होतं, त्यामुळे अभ्यासक म्हणतात, फार तर वीसेक असतील. काहींना ही घटना घडली असंच वाटत नाही, कारण जोसेफस या इतिहासकारानं हेरोदाची इतकी कृत्यं लिहिली, त्यात ही नाही. पण हेरोदानं सिंहासनाच्या भीतीपोटी स्वतःचे तीन मुलगे मारवले, हे त्याच जोसेफसनं लिहिलंय. असा राजा एका खेड्यातल्या वीस तान्ह्यांपाशी अडखळला असता असं मला वाटत नाही. आणि वीस म्हणजे थोडे का? वीस घरं.

मरीयेच्या नवऱ्याला, योसेफाला मात्र स्वप्न पडलं. ऊठ, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तात, पळून जा. तो रात्रीच निघाला. बाकीच्या बापांना स्वप्न का पडलं नाही?

हा प्रश्न माझ्या मनात बसून आहे, आणि मला वाटतं प्रवेश लिहिला तो याच्यासाठीच. स्टेजवरून का होईना, कुणी तरी तो विचारावा. एका बापाला सांगता येत होतं, तर वीस बापांना का नाही सांगितलं? जगाचा तारणारा जन्मला म्हणून आपण मध्यरात्री घंटा वाजवतो, आणि त्या गावात त्याच्या येण्यानं पहिल्यांदा वाचला कोण, तर तो एकटा.

देवदूतानं योसेफाला सांगितलं होतं की हा आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. हेरोदापासून तारील, तापापासून, मरणापासून तारील असं म्हटलं नव्हतं. पूर्वी मला हे तोकडं वाटायचं. वाटायचं, पापांचं काय ते नंतर बघू, आधी लेकरू वाचव. आज मी ते उलटसुलट करून पाहिलं. त्या मुलांना मारलं कशानं? एका म्हाताऱ्या राजाच्या भीतीनं, खुर्चीच्या हव्यासानं, आणि हुकूम आला म्हणून निमूट निघालेल्या शिपायांनी. पाप दुसरं कशाला म्हणायचं? मग पापापासून तारणं हे हेरोदापासून तारण्याहून लहान काम नाही. हेरोद एक मेला की दुसरा येतो. त्याचा मुलगा अर्खेलाव गादीवर बसला म्हणून योसेफ यहूदियात परतायलाही भ्यायला आणि गालीलात गेला.

फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ साली गोव्यात मराठी ओव्यांत ही सगळी कथा, म्हणजे ख्रिस्तपुराण, छापली, तेव्हा गोठ्यापासून सुरुवात केली नाही. आधी सृष्टी, आदाम-एवा, त्यांचं पडणं, संदेष्टे. अख्खं पहिलं पुराण त्यात जातं. बाळ येतं दुसऱ्या पुराणात. ऐकणाऱ्याला तारणाराची गरज का पडली हे आधी कळायला हवं, असं त्यांना वाटलं असणार. आपण गरजच काढून टाकली तर गोठ्यात उरतं काय? छान बाळ, छान गाई.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या वर्गात अथनेशियस शिकवला होता, चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप. तो म्हणतो, बिघाड माणसाच्या आत शिरला होता, बाहेरून हुकूम देऊन तो जाणारा नव्हता, म्हणून शब्दाला, म्हणजे देवाच्या पुत्राला, देह घ्यावा लागला. इथवर मला पटतं, मनापासून पटतं. पण पुढे तो म्हणतो की राजा एखाद्या शहरात येऊन एका घरात जरी राहिला तरी त्या सगळ्या शहराला मान मिळतो आणि मग शत्रू तिकडे फिरकत नाही. हे वाचताना मी तेव्हाही अडले होते. बेथलेहेमात राजा आला आणि शत्रू त्याच्यामुळेच आला. अथनेशियसला हे दिसत नव्हतं असं कसं म्हणू, त्याला स्वतःला पाच वेळा हद्दपार केलं होतं, मिसरच्या वाळवंटात लपून राहिला होता तो.  म्हणजे तो फार पुढचं बघत असला पाहिजे. मला तेवढं लांबचं दिसत नाही.

मला जुन्या करारातल्या मोशेचं जास्त दिसतं. तिथंही मिसरच्या राजाचा हुकूम होता, इब्र्यांचा मुलगा जन्मला की नदीत टाका. एक पेटाऱ्यात वाचला, बाकीचे बुडाले, त्यांची नावंही लिहिलेली नाहीत. पुढे मोशे मिद्यानात सुखानं मेंढरं राखत असताना देव त्याला म्हणतो, परत जा, तुझ्या जिवावर उठलेले मेले. मत्तयानं जवळपास हेच शब्द योसेफाच्या स्वप्नात घातलेत, मिसरातून परत ये म्हणून. हे मला आज संध्याकाळी, पीठ झाकलेलं असताना, दोन्ही पानं शेजारी ठेवून नीट दिसलं. दोघांनाही वाचवलं आणि दोघांनाही परत पाठवलं. मोशे गेला तो लोकांना बाहेर काढायला. आणि येशू? तो शेवटी यरुशलेमला गेला. बेथलेहेमपासून जेमतेम नऊ किलोमीटर. तिथं पुन्हा शिपाई होते, पुन्हा राजा या शब्दावरून गोंधळ होता, हेरोदाचा एक मुलगाही होता. या वेळी कुणाला स्वप्न पडून कुणी त्याला उचलून नेलं नाही. तोही थांबवून घेऊ शकला असता, असं तो स्वतःच बागेत पकडला जाताना म्हणतो, देवदूतांच्या बारा पलटणी मागू शकलो असतो म्हणून. मागितल्या नाहीत. बेथलेहेमातून ज्या मरणापासून त्याला नेलं होतं, तिथं तो आपल्या पायांनी परत गेला.

यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? नाही. बाकीच्या बापांना स्वप्न का पडलं नाही ते मला अजून माहीत नाही. पण तो त्या आयांना सोडून कायमचा निघून गेला असं आता मला म्हणता येणार नाही.

मत्तय मुलगे मारल्याचं सांगून तिथं यिर्मया संदेष्ट्याचं वचन घालतो. रामात आकांत ऐकू आला, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिला सांत्वन नको आहे. राहेल म्हणजे इस्राएल लोकांची पूर्वज आई, ती बाळंतपणात बेथलेहेमच्या वाटेवर गेली, तिला तिथंच पुरलं. आणि रामा म्हणजे बाबेलला, बॅबिलोनला, न्यायच्या बंदिवानांना जिथं बेड्या घालून गोळा केलं होतं ते गाव. मत्तय तेवढं एकच वचन घेतो. पण एकतिसावा अध्याय पुढे चालूच आहे. लगेच पुढे देव राहेलला म्हणतो, रडू नकोस, तुझी मुलं परत येतील. आणि त्याच अध्यायात खाली नवा करार आहे, नियम हृदयावर लिहिण्याचा, पापांची पुन्हा आठवणही न करण्याचा. शेवटच्या रात्री येशूनं प्याला हातात घेतला तो याच कराराचा. दर प्रभुभोजनाला मी तो प्याला घेते, आणि त्या कराराच्या वरच्या बाजूला राहेल बसून रडते आहे हे मला इतकी वर्षं कुणी दाखवलं नव्हतं.

यिर्मयाला बंदिवान परत येतील असं म्हणायचं होतं, हे मला समजतं. तरी ते वाक्य मी माझ्यासाठी घेतलं. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, म्हणून घेतलं.

शालूमावशींचं म्हणाल तर त्यांचा राग आता नाही. त्या नाटकाला पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी काय काय पाहिलंय ते सगळ्या मंडळीला ठाऊक आहे, त्यांच्या हौसेची करंजी सगळ्यांनी खाल्लीय पण त्यांच्या कपाटातलं ते छोटं टोपरं फार जणींनी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. स्टेजवर ती झोळी बघायची त्यांना ताकद नसेल. गाणं म्हणू दे त्यांना. गाणंही खोटं नाही.

यंदा २८ तारीख रविवारीच आलीय, आणि पाश्चात्त्य मंडळ्यांत तो दिवस बेथलेहेमच्या बालकांचा असतो. म्हणून मघाशी पाळकसाहेबांना फोन केला आणि त्या दिवशीचं वाचन मागून घेतलं. मत्तय दुसरा अध्याय, तेरा ते अठरा. त्याला जोडून यिर्मया एकतीस. ते म्हणाले, "यिर्मया सोळा-सतरापर्यंतच ना?" मी म्हटलं, चौतिसापर्यंत, नवा करार येऊ दे. "लांबेल, ताई," म्हणाले.

लांबू द्या म्हटलं.